कॉन्सलबाईंचे यजमान

"चौदा ऑक्टोबर, की नोव्हेंबरचा पहिला आठवडा?" हॉस्पिटलमधल्या बाईने फोनवर पुन्हा विचारलं. "सर्जनकडे दोन्ही ओपन आहेत, सर."

प्रतापने फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात मृणालिनीने हिरव्या पेनाने एक लांब रेघ ओढली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'ल्युब्लियाना'. शेजारी एक चिमुकलं विमानही काढलं होतं. सदुसष्ट वर्षांची बाई, विमान काढते!

"चौदा," प्रताप म्हणाला.

"घरी सोबतीला कुणी आहे ना? पहिला आठवडा एकट्याने निभणार नाही."

"बायको आहे. रिटायर्ड आहे. घरीच असते."

फोन ठेवल्यावर तो थोडा वेळ किचनमध्येच उभा राहिला. गुडघ्याचं हे ऑपरेशन दोन हिवाळे तो टाळत आला होता. डॉक्टर सांगून थकले, मुलगी उर्वी फोनवर ओरडून थकली. आज मात्र त्याने आपणहून फोन केला होता.

मृणालिनी स्लोव्हेनियाची मिशिगनमधली ऑनररी कॉन्सल झाली त्याला आता वर्ष होत आलं होतं. ऑनररी म्हणजे बिनपगारी. घराच्या दाराशेजारी एक पितळी पाटी, बेसमेंटमध्ये एक टेबल, एक शिक्का आणि वॉशिंग्टनच्या वकिलातीतून येणारे फोन. यंदा ऑक्टोबरात सगळ्या ऑनररी कॉन्सलांची बैठक त्यांच्या राजधानीत, ल्युब्लियानाला भरणार होती. गाड्यांच्या कंपनीत तिने पंचवीस वर्षं परचेसमध्ये काढली. ब्रेकचे सुटे भाग स्लोव्हेनियातून यायचे, म्हणून तिचं तिकडे जाणंयेणं असे. जाताजाता ती त्यांची भाषाही शिकली. रिटायर झाल्यावर तिकडून विचारणा झाली आणि ती हो म्हणाली. इतकी साधी गोष्ट.

प्रतापला ती साधी वाटेना. तो गाड्यांच्या ट्रान्समिशनमधला नावाजलेला इंजिनिअर. नागपूरहून शिष्यवृत्तीवर आलेला, पीएच.डी., नावावर पेटंटं. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या महाराष्ट्र मंडळाचा दोनदा अध्यक्ष. नव्याने आलेली पोरं नोकरीसाठी, ग्रीन कार्डासाठी त्याच्याकडे यायची आणि 'काका, तुम्हीच सांगा' म्हणून बसायची. रिटायर झाल्यावर ती हळूहळू यायची थांबली. त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नव्हतं. पण यंदा गणपतीत मोदकाचं ताट हातात घेऊन तो उभा असताना राजीव नावाच्या एका नव्या मुलाने त्याला नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, तुम्ही कॉन्सलबाईंचे मिस्टर ना? काकू कुठेत? युरोपच्या व्हिसाचं जरा विचारायचं होतं."

"स्वयंपाकघरात असेल," प्रताप म्हणाला होता. मृणालिनी तेव्हा स्टेजवर होती.

संध्याकाळी त्याने तिला तारीख सांगितली.

"चौदाला?" मृणालिनीने विचारलं.

"दुसरी डेट थेट जानेवारीतली होती. तोवर मी बर्फात कसा चालणार?"

ती कॅलेंडरपाशी गेली. त्याने मनातल्या मनात भांडणाची तयारी केली होती. आपल्या आजारपणापेक्षा परक्या देशाची मीटिंग मोठी का, उर्वीला क्युपर्टिनोहून बोलवायचं का, सगळी उत्तरं तयार होती. त्यातलं एकही वापरावं लागलं नाही.

"बरं," ती म्हणाली आणि बेसमेंटमध्ये गेली. जिन्यातून त्याला तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. भाषा कळत नव्हती, पण ती माफी मागत होती एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी उर्वीचा फोन आला. "डॅड, सीरियसली? ती वर्षभर या ट्रिपची वाट बघत होती."

"गुडघा माझा आहे," प्रताप म्हणाला.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात वकिलातीतला तोमाझ नावाचा अधिकारी कामासाठी डेट्रॉइटला आला. मृणालिनीने त्याला जेवायला बोलावलं. पन्नाशीच्या आतला, उंच, जरा वाकून चालणारा माणूस. भरल्या वांग्याचा रस्सा त्याने पोळीने पुसून खाल्ला. बोलणं अर्थात इंग्रजीतच चाललं होतं, आणि पहिल्या दहा मिनिटांतच प्रतापच्या लक्षात आलं की आपण बोलतो तेव्हा पाहुणा अदबीने ऐकतो आणि मृणालिनी बोलते तेव्हा पुढे झुकून ऐकतो.

"मला एक सांगा," प्रताप खुर्चीत रेलून म्हणाला. "तुमचा देश वीस लाखांचा. आमचं पुणंसुद्धा तुमच्यापेक्षा मोठं. तुम्हाला परराष्ट्र धोरण हवंच कशाला? मोठे काय म्हणतात ते बघायचं आणि हात वर करायचा. झालं."

मृणालिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि ती पाण्याचा जग भरायला उठली.

तोमाझला राग आला नाही. "मोठ्या देशाच्या चार चुका खपून जातात," तो म्हणाला. "आमची एकही खपत नाही. मी शाळेत होतो तेव्हा आमचा देश एका मोठ्या देशातून वेगळा झाला. माझे वडील रोज संध्याकाळी रेडिओ लावून बसायचे. आज कुणी मान्यता दिली? आज कुणी? आम्ही होतो, आमचं सरकार होतं, घरं होती, गाई होत्या. पण कुणीतरी 'तुम्ही आहात' असं म्हणावं लागतं. महिने गेले त्यात. ज्या दिवशी ती बातमी आली, त्या दिवशी माझे वडील अंगणात जाऊन रडले."

प्रतापने आणखी एक पोळी वाढून घेतली.

"म्हणून आमची कामं साधी असतात," तोमाझ पुढे म्हणाला. "शेजारच्या बाल्कन देशांत शांतता राहावी. ते आमच्यासारखे युरोपीय संघात सामील व्हावेत. कायदा सगळ्यांना सारखा असावा, कारण कायदा नसला तर आधी लहान चिरडले जातात. सुरक्षा परिषदेत आम्ही पिण्याच्या पाण्याचा विषय लावून धरला. आता भारताशी संबंध वाढवायचेत. आणि जगभर वकिलाती उघडायला पैसा नाही, म्हणून आम्ही माणसं शोधतो."

"आणि शोधता शोधता मृणालिनी सापडली!" प्रताप हसला. "ब्रेकचे पार्ट घेणारी बाई."

आपला आवाज आपल्यालाच वाकडा लागला, पण शब्द गेला होता. मृणालिनी पाहुण्याला भात वाढत राहिली.

"नुसते पार्ट नव्हेत," तोमाझ म्हणाला. "तुम्हाला माहीतच असेल. मंदीच्या त्या वर्षी त्यांच्या कंपनीने आमच्या एका कारखान्याचं काम बंद करायचं ठरवलं होतं. माल सदोष निघत होता. डोंगरातलं लहानसं गाव, तो कारखाना गेला असता तर गाव उठलं असतं. या तिकडे आल्या आणि तीन आठवडे राहिल्या. कामगारांबरोबर मशीनपाशी उभं राहून दोष शोधला, मग इथल्या साहेबांशी भांडून मुदत मिळवली. कारखाना अजून चालू आहे. मी त्या गावात गेलो की लोक विचारतात, गोस्पा मृणालिनी, म्हणजे मृणालिनीबाई, कशा आहेत?"

प्रतापला ते वर्ष आठवलं. त्याच वर्षी कंपनीने त्याला मोठं बक्षीस दिलं होतं आणि समारंभात त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली होती. मृणालिनीने तिकडून फोन केला होता, "काम आटपत नाहीये रे." तो महिनाभर तिच्याशी धड बोलला नव्हता. कसलं काम, हे त्याने तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही.

वातावरण हलकं करायला तोमाझ भाषेकडे वळला. त्यांच्या भाषेत दोघांसाठी वेगळं वचन आहे, तो म्हणाला. मी, आम्ही दोघं, आणि आम्ही सगळे.

प्रताप ताठ बसला. "संस्कृतमध्येही आहे! द्विवचन. रामः, रामौ, रामाः. आम्हाला शाळेत पाठ होतं."

"हो, हो!" तोमाझ खुशीत म्हणाला. "पहिल्याच भेटीत यांनी हेच सांगितलं होतं. आमचे राजदूत अजून सगळ्यांना ऐकवतात."

प्रतापने ताटातली कोशिंबीर संपवली.

निघताना तोमाझने कोट चढवला आणि तो मृणालिनीला म्हणाला, "तुम्ही ल्युब्लियानाला येत नाही, याचं फार वाईट वाटतं. पहिलं भाषण तुमचंच होतं. मंत्री ऐकायला येणार होते."

"हिने मला सांगितलं नाही," प्रताप म्हणाला.

"विचारलं नाहीस," मृणालिनी मराठीत म्हणाली आणि तिने दार उघडलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रताप जागा झाला तेव्हा पाय लाकडासारखा जड होता आणि खिडकीबाहेर पार्किंग लॉटवर पाऊस भुरभुरत होता. मृणालिनी खोलीत नव्हती. दार अर्धवट उघडं होतं, आणि कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन ती बोलत होती. तिकडे तेव्हा दुपार होती. अंगात कालचाच स्वेटर, केस कसेबसे बांधलेले. आधी ती सावकाश, शब्द निवडत बोलली. मग काहीतरी सांगताना तिचा हात उठला, आवाज मोकळा झाला आणि लॅपटॉपमधून पुष्कळ माणसं एकदम हसली.

मृणालिनीचं एक गाव होतं. तिथली माणसं तिच्या बोलण्याला हसत होती, आणि त्या गावात प्रतापला कुणी ओळखत नव्हतं.

ती आत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

"झालं?"

"झालं. दहा मिनिटं दिली होती."

"तिथे असतीस तर?"

"अर्धा तास." तिने त्याच्या पायाखालची उशी नीट केली. मग खुर्ची ओढून बसली. "प्रताप, नोव्हेंबरमधली डेट होती ना रिकामी?"

त्याने अंगावरची चादर सारखी केली.

"हॉस्पिटलच्या बाईंनी कन्फर्म करायला पुन्हा फोन केला होता. तू शॉवरला होतास, मी घेतला. म्हणाल्या, सरांनीच चौदा निवडली, अजूनही बदलायची असेल तर बदलून देऊ."

"मग बदलली का नाहीस?"

"तू बदलशील म्हणून थांबले. रोज वाटायचं, आज सांगेल. तोमाझ जेवून गेला त्या दिवशी तर खात्रीच वाटली होती."

मशीन टिकटिकत होतं. प्रताप छताकडे बघत म्हणाला, "मला बघवेना, मृणाल."

"काय?"

"तुझं. हे सगळं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी तुझं बघितलं. किती वर्षं बघितलं. दर वेळी आनंदाने बघितलं असं नाही रे. घरी येऊन बाथरूममध्ये रडलेही आहे. पण हॉलमध्ये बसून टाळ्या वाजवल्या."

नर्स गोळ्या घेऊन आली. नर्स गेल्यावर मृणालिनीने पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला, आणि तो विषय त्यानंतर त्या घरात निघाला नाही. तो हिवाळा तिने त्याचा व्यायाम करून घेतला. ड्राइव्ह-वेवरचं बर्फ माणूस लावून काढून घेतलं. तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता, पण बेसमेंटमध्ये काय चाललंय हे ती आता जेवताना आपणहून सांगत नसे. प्रताप विचारायला शिकला. विचारलं की ती उत्तर द्यायची, तेवढंच.

पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिला पुन्हा बोलावणं आलं. प्रतापने तिला विमानतळावर सोडलं. वाटेत त्याला सारखं वाटत होतं, ही म्हणेल, तूही यायला हवं होतंस. ती म्हणाली नाही, आणि त्यानेही तसं कधी विचारलं नव्हतं. त्याने डिकीतून बॅग काढून दिली. "पोचल्यावर फोन कर," तो म्हणाला. ती वळली, तिने त्याच्या जॅकेटची चेन वर ओढली आणि ती आत गेली.

दोन दिवसांनी सकाळी दारावरची बेल वाजली. बाहेर एक म्हातारी बाई उभी होती, ऐंशीच्या पुढची, डोक्याला रुमाल. ग्रँड रॅपिड्सहून स्वतः गाडी चालवत आली होती.

"कॉन्सल?" तिने विचारलं.

"ती ल्युब्लियानाला गेलीय. मी तिचा नवरा. पुढच्या मंगळवारी या."

"अरे देवा! मी तारीख चुकले." ती तिथल्या तिथेच खांबाला टेकली. "तिकडची थोडी पेन्शन आहे माझी. मी जिवंत आहे, एवढंच कुणीतरी लिहून द्यायचं असतं."

हयातीचा दाखला! नागपूरला दर नोव्हेंबरात प्रतापचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जायचे. "आत या," तो म्हणाला. "इतक्या लांबून आलात. चहा घेऊन जा."

त्याने आलं किसून चहा केला, बिस्किटं काढली. तिला चहा तिखट लागला, पण तिने आणखी मागितला. पन्नास वर्षांपूर्वी ती नवऱ्यामागून आली होती. नवरा कारखान्यात होता, आता तो हयात नव्हता. त्यांची भाषा बोलायला आता एक मृणालिनीच उरली होती. दर पंधरा दिवसांनी मृणालिनी तिला फोन करायची. हेही प्रतापला माहीत नव्हतं.

"तुम्ही मला बघितलंत," म्हातारी मिश्कीलपणे म्हणाली. "चहा पिताना बघितलंत. तुम्हीच करा की सही."

"मला तो अधिकार नाही," प्रताप म्हणाला.

म्हणण्याआधी वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी लागलं. पण लागलं.

त्याने तिला गाडीपर्यंत सोडलं आणि नवा गुडघा सांभाळत मागे येतो न येतो तोच मृणालिनीचा फोन आला. तिच्या मागे भांड्यांचा, बोलण्याचा गलका होता. कुठेतरी मोठं जेवण चाललेलं असावं.

"काय करतोयस? कुणी आलं होतं का?"

"ग्रँड रॅपिड्सच्या आजी आल्या होत्या. दाखल्यासाठी. मंगळवारी यायला सांगितलंय."

"अगबाई! एवढ्या लांबून? मग तू काय केलंस?"

"चहा दिला."

"आल्याचा?"

"हो."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. नावाचा उच्चार त्यांनी त्यांच्यासारखा करून घेतला होता. पुन्हा एक हाक आली, आणि तिसऱ्या वेळी दोघातिघांनी मिळून मारली.

"जा," प्रताप म्हणाला. "तुला बोलावतायत."

"हो, जाते," ती म्हणाली. पण गडबडीत फोन बंद करायचा राहिला. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी काहीतरी म्हणालं, आणि ती हसली. प्रताप किचनच्या खुर्चीवर बसला आणि फोन कानाशी धरून, एक शब्दही कळत नसताना, ऐकत राहिला.