खाटेवर आलेला आळ

मी खाट बोलतेय. फणसाच्या लाकडाची, चार धड पायांची, आणि सध्या रोह्याशेजारच्या सगळ्या अष्टमी गावात बदनाम. माणसाला अंथरुणातून उठवत नसेल तर दोष कुणाचा? अर्थात खाटेचा! हे मला माणसांनीच शिकवलं. आम्हा लाकडांना एवढी अक्कल कुठली?

माझा जन्म पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावातला. काळुराम तिथं मिठागरावर राबतो. लेकीचं, सगुणाचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं दारचा फणस पाडला आणि पेणच्या सुताराकडून मला घडवून घेतलं. टेम्पोत घालून मला सासरी धाडलं. वाटेत वडखळच्या वाहतूककोंडीत उन्हात तापले, पण अष्टमीत पोचले तेव्हा सगुणाच्या सासूनं, ठमाबाईनं माझ्यावर हात फिरवला. म्हणाली, "खाट बाकी दणकट दिली हो व्याह्यानं!" तेव्हा मी चांगली होते.

सगुणाचा नवरा गोविंदा कंपनीत शिफ्टला जायचा. शिफ्ट सुटायची वेळ झाली की सगुणा माझ्यावर येऊन बसायची, दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरून. बस जरा उशिरा आली की हिच्या छातीत धडधड, हाताला घाम, घशाला कोरड. कंपनीत स्फोट झाला असेल, बस नदीत गेली असेल, सगळं हिला डोळ्यांसमोर दिसायचं. गॅस बंद केलाय का ते बघायला झोपेतून उठायची, आडवी व्हायची, परत उठायची. आणि शेजारणी काय म्हणायच्या? "नवऱ्यावर काय जीव हाय गो हिचा!" कौतुक झालं हो तिचं! ठमाबाई तर चारचौघींत सुनेची काळजी मिरवायची.

एके दिवशी पोर दमली. सकाळ झाली आणि ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. केस विंचरेना, धड जेवेना, मोबाईल वाजला तरी हात लावेना. रडायचीसुद्धा नाही, नुसती कौलांकडं बघत पडून राहायची. मग कौतुक करणाऱ्या त्याच तोंडांनी निकाल दिला, की सून आळशी निघाली.

आजाऱ्याला भेटायला जायची आपल्याकडे मोठी छान रीत आहे. आलेला माणूस खाटेच्या कडेवर बसतो, चहा पितो आणि सल्ला देतो. सल्ल्याला साखरेइतकाही खर्च येत नाही. पलीकडच्या घरातले हैबतराव यात सगळ्यांत पुढं. भरघोस मिशा, खणखणीत आवाज. माझ्या कडेवर एवढे जोरात टेकायचे की मी करकरायचे. "मनावर घ्यायचं नाय, पोरी! मन खंबीर ठेवायचं. मला बघ, कधी कशाचा ताण घेतला का?" मग मिशीवरून हात फिरवून उठायचे. "चला, पेणला जायचंय, गणपतीचं बघायला." हे गृहस्थ महिन्याच्या महिन्याला गणपतीचं बघायला पेणला जायचे. शिमग्यातसुद्धा! भक्ती असावी तर अशी.

सगुणा काही खंबीर होईना. मग ठमाबाईनं मला फिरवायला सुरुवात केली. आधी डोकं पूर्वेला, मग दक्षिणेला. उशाखाली विळा ठेवून झाला. शेवटी भूतबाधा उतरवणाऱ्या भगताला विचारलं. त्यानं एकच प्रश्न केला, खाट कुठल्या लाकडाची? "फणसाच्या," ठमाबाई म्हणाली. "मंग त्या झाडावर कायतरी व्हतं." झालं! माहेरून आलेली वस्तू, त्यातून खाडीपलीकडचं झाड. एवढा सोयीचा गुन्हेगार शोधून सापडला नसता.

मला अंगणात काढून टाकलं. माझ्यावर मिरच्या वाळू लागल्या. आत सगुणा चटईवर आडवी झाली आणि तिथंही तशीच पडून राहिली. म्हणजे मी निर्दोष ठरले की नाही? पण ते कुणी बोलेल तर शपथ. उलट ठमाबाईनं काळुरामला फोन लावला. "तुमची खाट घेऊन जा, नि जोडीला पोरगी पण न्या."

काळुराम टेम्पो घेऊन आला. मिरच्या बाजूला सारून माझ्यावर टेकला. ठमाबाई गरजली, "तुमच्या झाडानं आमच्या घराचा घात केला!"

"त्याच फणसाचे गरे खाऊन माझी पोर वाढली, विहीणबाई," तो म्हणाला. मग दाराकडं वळून हाक मारली, "चल गो बाय, घरी जाऊ."

सगुणा उंबऱ्यात आली. कित्येक दिवसांनी मी तिला उभी बघितली. तिचा आवाज अगदी साधा होता. "बाबा, कुठं पण न्या. तिकडं पण मी अशीच पडंन. सकाळ झाली की वाटतं, आजची उजाडलीच नसती तर बरं झालं असतं. मला जगायचं नाय वाटत."

गोविंदा तेवढ्यात शिफ्टवरून आला होता, डबा हातातच होता. मला टेम्पोत चढवत होते, त्यानं मला खाली ओढलं. "खाट ऱ्हाऊ दे. पहिला डॉक्टर."

"येड्यांचा डॉक्टर?" ठमाबाई दबक्या आवाजात किंचाळली. "रोह्यात कुणी बघितलं तर?" त्यावर तोड निघाली. पेणला दाखवायचं आणि लोकांना सांगायचं, माहेरी गेली. सून मरायची भाषा करतेय, पण आधी लोकांची सोय लावायला हवी! टेम्पो पोरीला घेऊन गेला.

दिवेलागणीला गोविंदा नि सगुणा परत आले. गोविंदा माझ्यावर बसून आईला सांगू लागला. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे. चिंता फार दिवस साचली की मन असं बसतं. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतील, आपल्या मनानं बंद करायची नाही. दर खेपेला येऊन डॉक्टरांशी मोकळेपणी बोलायचं. धडधड सुरू झाली की श्वास सावकाश सोडायचा, जमेल तेवढं चालायचं. आणि मरायचा विचार आला की लगेच सांगायचं, आणि बरं वाटेपर्यंत तिला एकटी सोडायची नाही.

"म्हणजे माझ्या बीपीसारखं?" ठमाबाईनं विचारलं. "मंग आजार हाय असं आधी नाय का सांगायचं!" जणू आम्हीच लपवून ठेवलं होतं.

"आणि आये, तिथं बाकावर कोण बसलेलं म्हायतीये? हैबतकाका! दोन वर्सं गोळी चालू हाय त्यांची. आम्हाला बघून कोणी न विचारताच बोलले, गणपतीचं बघायला आलोय."

मला असा संताप आला! माझ्याच कडेवर बसून, खिशात गोळ्यांचं पाकीट ठेवून, हा माणूस त्या पोरीला मन खंबीर ठेवायला सांगत होता.

मला परत आत घेतलं. माफी कुणी मागितली नाही, खाटेची कोण मागतं? सगुणा अजून बरी झालेली नाही. काही सकाळी उठते, गोविंदाबरोबर पुलापर्यंत जाऊन येते. काही सकाळी नाही उठत, आणि ठमाबाई चहा ठेवून तिच्या पायथ्याशी गप्प बसते. गप्प बसणं त्या बाईला किती जड जातं, ते मला विचारा.

परवा हैबतराव आले. दार लोटून घेतलं, माझ्या कडेवर हलकेच बसले. मिशीला हात लावला नाही. "पहिला महिना लय वाईट जातो गो," ते म्हणाले. "मला पण वाटायचं, उजाडू नये. पण गोळी सोडू नको. कमी व्हतं ते, खरंच."

सगुणा त्यांच्याकडं बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "काका," ती म्हणाली, "मी पडून व्हती तेव्हा का नाय बोललात?"

हैबतरावांनी खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. आणि तुम्ही, जे आत्ता हे वाचताय नि मान डोलावताय, तुमच्या ओळखीत असं कोण पडून आहे? तुम्ही अजून का बोलला नाहीत?