आष्ट्याच्या खाणावळीतली कळकलेली आमटी

मी एक जुनी तांब्याची पातेली आहे, मित्रांनो. बूड काळं, काठाला दोन पोचे, आणि पोटात एका वेळी चाळीस माणसांची आमटी मावेल एवढी जागा. सांगलीतल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. ते घाव मला नकोसे व्हायचे. पण काम संपल्यावर त्याने मला उन्हात धरलं आणि तो आपल्याशीच म्हणाला, "लय माणसं जेवतील ह्यातनं." ते ऐकलं आणि मी सगळे घाव विसरले.

आष्ट्याच्या नाथाजींनी मला विकत घेतलं. एस.टी. स्टँडजवळ त्यांची छोटी खाणावळ होती. त्यांची बायको चंद्राबाई स्वयंपाक करायच्या, नाथाजी वाढायचे. चंद्राबाईंच्या चिंचगुळाच्या आमटीसाठी लोक एक गाडी सोडून दुसरीने जायचे. बाई आधी पळीभर आमटी स्वतःच्या तळहातावर घेऊन चाखायच्या, मगच ती बाहेर जाऊ द्यायच्या. नाथाजींचं वाढणंही तसंच होतं. ते म्हणायचे, "पानावरच्या माणसाला हात वर करून मागायला लागलं, तर आपलं वाढणं चुकलं म्हणायचं."

पुढे वाढायला धुळा आला. आटपाडीकडचा, चाळिशीतला धनगर. दुष्काळात त्याची मेंढरं गेली आणि तो पोटासाठी इकडे आला. तो फार बोलत नसे. पण माणूस भाकरी कशी मोडतो, एवढ्यावरून त्याला त्याची भूक कळायची. एखादा लाजत बसला, तर धुळा न विचारता त्याच्या पानात अर्धी भाकरी टाकायचा.

मित्रांनो, माझ्यासारख्या तांब्याच्या भांड्याला कल्हई लागते. दर दोन महिन्यांनी कल्हईवाला यायचा, मला भट्टीवर तापवायचा, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील आतून फिरवायचा. बघता बघता माझं पोट चांदीसारखं चमकायचं. कल्हई म्हणजे जेवणाऱ्याची राखण. ती उडाली की चिंच, ताक असलं आंबट थेट तांब्याला भिडतं. मग पदार्थ कळकतो आणि पोटात गेला की विषासारखा छळतो.

काही वर्षं सुखात गेली. मग समोर खुर्च्या-टेबलांचं नवं हॉटेल निघालं. तिथे रेडिओ वाजायचा आणि चहा पाच मिनिटांत यायचा. नाथाजींच्या मनाला घोर लागला. गिऱ्हाईक पाणी पीत असतानाच ते पुढच्याला त्याच्या पाठीशी उभं करू लागले. सकाळची आमटी संध्याकाळपर्यंत माझ्यातच राहू लागली. कल्हईवाला दारात आला की ते म्हणायचे, "आज न्हाई, लय गडबड हाय. पुढच्या खेपेला बघू." असं तीन वेळा झालं. माझ्या तळाशी तांबडे डाग दिसू लागले. ते वाढत चालले होते आणि मला भीती वाटत होती.

चौसष्ट सालचा वैशाख. चंद्राबाई लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला निघाल्या. पिशवी उचलता उचलता त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आवं, हिला कल्हई करून घ्या. तवर हिच्यात चिंच घालू नका. वरण करा, भात करा, पर आंबट न्हाई."

"व्हय व्हय," नाथाजी म्हणाले. त्यांचं लक्ष समोरच्या हॉटेलकडे होतं.

चारच दिवसांनी फलटणहून एक कार्ड आलं. बाळासो नावाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने लिहिलं होतं. त्यांच्या पुतण्याचं लग्न सांगलीजवळच्या एका गावात होतं. चाळीस माणसांचं वऱ्हाड दुपारी बाराला आष्ट्यात जेवणार होतं. 'आमटी चिंचेचीच करा, सगळ्या भावकीला सांगून ठेवलं आहे,' असं शेवटी लिहिलं होतं. नाथाजींनी ते कार्ड धुळाला तीनदा वाचून दाखवलं.

लग्नाचा दिवस आला, तरी माझी कल्हई राहूनच गेली होती. सकाळी आठलाच नाथाजींनी मला चुलीवर चढवलं. चाळीस माणसांची आमटी मावेल असं दुसरं भांडं घरात नव्हतं. डाळ शिजली, गूळ पडला, आणि मग चिंचेचा घट्ट कोळ माझ्यात ओतला गेला. माझ्या अंगावर काटाच आला म्हणा. नाथाजी, थांबा, असं ओरडावंसं वाटलं. पण पातेलीला वाचा कुठली?

बारा वाजले. गाडी आली नाही. एक वाजला, दोन वाजले. वाटेत वऱ्हाडाची गाडी बिघडली होती. इकडे चिंच तासातासाने माझं तांबं खात होती. पुन्हा पुन्हा गरम केल्याने आमटी आणखी आटली.

साडेतीनला गाडी थांबली. भुकेली, घामेजलेली माणसं भराभर उतरली. गोरज मुहूर्त साडेसहाचा होता आणि सांगली अजून तासाभरावर. बायका-पोरं, म्हातारीकोतारी पानांवर बसली. बाळासो मात्र थेट चुलीपाशी आले.

"नाथाजी, आधी वाटीभर मला द्या. तीन वर्सं झाली ही चव तोंडात हाय."

नाथाजींनी वाटी भरून दिली. बाळासोंनी ती उभ्यानेच संपवली. त्यांच्या कपाळावर किंचित आठी आली. पण भरल्या खाणावळीत यजमानाला काय बोलायचं? "झाक हाय," एवढंच म्हणून ते बाहेर पंगतीकडे गेले.

धुळाने भाकरी वाढल्या, कांदा वाढला. मग आमटीची बादली भरायला तो माझ्याकडे आला. पळी वर काढली आणि तो थबकला. आमटीच्या रेषेवर माझ्या काठाला हिरवट कड धरली होती. त्याने थेंबभर आमटी तळहातावर घेऊन चाखली आणि लगेच थुंकली.

"मालक, कळकलीया."

"हळू बोल!" नाथाजी दबक्या आवाजात म्हणाले. "बाळासोंनी आत्ता वाटीभर घेतली. त्यांना काय झालं?"

"व्हायला उशीर लागतो."

"ती माणसं उपाशी हायत, मुहूर्त चाललाय. समोरचा हॉटेलवाला दारात उभा राहून बघतोय. गप वाढ!"

बाहेरून आवाज आला, "आमटी आणा की! कोरडी भाकरी किती चावायची?" कुणीतरी भांडं वाजवलं. धुळाने बादली उचलली. मला वाटलं, संपलं आता. पहिल्याच पानावर नवरदेवाची आत्या, रंगुबाई, बसली होती. मांडीवर तीन वर्षांची नात. पोरीने वाटी पुढे केली.

धुळाने बादली जमिनीवर ठेवली. "मालक," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पयली वाटी तुमी घ्या."

नाथाजींचा चेहरा लाल झाला. "चालता हो हितनं!" ते ओरडले. "माझं खाऊन माझ्याच तोंडाला काळं फासतोस?"

"जातो," धुळा म्हणाला. "पर आधी तुमी घ्या."

पोरीची वाटी अजून पुढेच होती. नाथाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग वाकून, बादलीतली पळी उचलून, त्यांनी आमटी आपल्या तळहातावर घेतली. तोंडाला लावली. त्यांचा हात तसाच तोंडापाशी राहिला. 'झाक हाय' एवढं म्हटलं असतं, तरी आमटी वाढली गेली असती. मी वाट पाहत होते.

"कुणी आमटी घेऊ नका," ते म्हणाले. "कळकलीया. चूक माझी हाय."

एकच गलका उठला. "चाळीस माणसं उपाशी ठेवता व्हय?" "हेच का ते नाव काढलेलं जेवण?" इतक्यात बाळासो पानावरून उठले. चेहरा पांढरा पडला होता, पोट धरलेलं. दाराबाहेर जाऊन ते ओकले. पुन्हा ओकले. मग पायरीवरच बसले.

नाथाजी त्यांच्याकडे धावले. रंगुबाईने नात शेजारच्या बाईच्या मांडीवर दिली आणि पदर खोचला. "भांडायला येळ न्हाई. लोखंडी कढई हाय का तुमच्याकडं?" धुळाने कढई काढली, बेसन काढलं. वीस मिनिटांत गरम पिठलं आणि ठेचा पानांवर आला. धुळा धावत वाढत होता. कुणालाही हात वर करावा लागला नाही.

गावातले डॉक्टर आले. त्यांनी औषध दिलं, पाणी पाजलं. "जिवाला धोका नाही. पण आज यांना गाडीत घालू नका," ते म्हणाले. साडेपाचला वऱ्हाड निघालं. बाळासो खाणावळीतल्या बाजेवर पडून राहिले.

उन्हं उतरली. साडेसहा झाले. नाथाजी त्यांच्या उशाशी बसून होते. बाळासो भिंतीकडे बघत म्हणाले, "भाऊ गेल्यापासनं त्या पोराला मी वाढवलं, नाथाजी. आन त्याच्यावर अक्षता टाकायला मी न्हाई."

नाथाजींनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फलटणचाच एक ओळखीचा ट्रक आला आणि बाळासो त्यात बसून गेले. ते पुन्हा कधीच आले नाहीत. फलटणची गाडी लागली की नाथाजी दारात येऊन उतरणारी माणसं बघत राहायचे. हे मी पुढे कित्येक वर्षं पाहिलं.

त्या लग्नाच्याच संध्याकाळी नाथाजींनी सगळी आमटी मागच्या खड्ड्यात ओतली. आत आले, तर धुळा घोंगडी खांद्यावर टाकून दारात उभा होता.

"कुठं निघालास?"

"तुमीच म्हणाला, चालता हो."

"सकाळपासनं काय खाल्लंस?"

खरं तर त्या धांदलीत त्याच्या पोटात घासही गेला नव्हता. नाथाजींनी पाट मांडला. पान पुसलं, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला ठेवला, दुपारचं उरलेलं पिठलं गरम केलं. "बस," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मालकाने त्याला वाढलं नव्हतं. धुळा संकोचत बसला. नाथाजी समोर उभे राहून, त्याने मागण्याआधीच वाढत राहिले. धुळा मान खाली घालून जेवला, आणि घोंगडी पुन्हा खुंटीवर गेली.

मित्रांनो, मला कुणी कल्हई केली तर मी चमकते आणि कुणी विसरलं तर विषारी होते. यातलं काहीच माझ्या हातात नाही, ते तुमच्या हातात आहे. म्हणून भांड्यांची निगा राखा. दुसऱ्याच्या पानात वाढण्याआधी स्वतः चाखून बघा. आणि काही बिघडलेलं दिसलं, तर सगळी पंगत खोळंबली तरी चालेल, पण तेव्हाच बोला. मला त्या दिवशी बोलता आलं नाही. तुम्हाला बोलता येतं.