भात्यावरचे मास्तर

आमच्या चर्चचा ऑर्गन वाजवते मी, पण त्याचा श्वास मास्तरांच्या हातात. हवा भरणारी मोटर जळाल्यापासून चर्चच्या मागच्या माडीवर, ऑर्गनच्या मागे बसून भात्याचा दांडा तेच वरखाली करतात. एकेकाळी चर्चच्या क्वायरला गाणं शिकवायचे, त्यामुळे त्यांचा दुसऱ्या कुणावर भरवसा नाही. मिस्सेच्या उपासनेत माझ्या बोटांत जरा नाचाचा ठेका शिरला, की हा गृहस्थ दांडा सोडून हाताची घडी घालून बसतो. ऑर्गन कण्हतो आणि गप्प होतो. सगळं चर्च वळून माझ्याकडे बघतं. तळपायाची आग मस्तकात जाते माझी.

ठेका येणारच ना. माझे बाबा नाचाच्या हॉलमध्ये अकॉर्डियन वाजवायचे, त्यांच्याजवळ बसूनच शिकले मी. अंथरुणाला खिळले तेव्हा माझा हात धरून म्हणाले, मला चर्चमधून शेवटचं बाहेर नेताना माझीच चाल वाजव, रडकं काही नको. मी हो म्हणून बसले.

फादरांना विचारलं, तर त्यांनी मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तर कसले ऐकतात! त्यांचं म्हणणं, चाल एकटी येत नाही, अख्खा हॉल सोबत घेऊन येते. लोक गुडघे टेकतात आणि मनात गिरक्या घेतात. मी म्हटलं, तुमच्या लाडक्या स्तोत्राची चालसुद्धा कधीकाळी कुणीतरी दारूच्या पिंपावर ठोकली असेल. असेल, म्हणाले, पण ते विसरायला लोकांना तीनशे वर्षं मिळाली.

बाबा गेले. अंत्यविधीची मिस्सा मी अगदी शहाण्या मुलीसारखी वाजवली. मग भावांनी शवपेटी खांद्यावर घेतली आणि मी बाबांची चाल धरली. संथ, पण त्यांचीच. दुसऱ्या ओळीला माझे खांदे आखडले. आता दांडा सुटणार, बाबा अर्ध्या वाटेवर आणि ऑर्गन गप्प. तिसरी ओळ आली. हवा येतच होती, एकसारखी, कधी नव्हे इतकी भरपूर. खालून आईने वर बघितलं. रडत होती, आणि मान ठेक्यावर हलत होती. शवपेटी दाराबाहेर पडेपर्यंत मी वाजवत राहिले.

ऑर्गनच्या मागे गेले तर मास्तर घामाने निथळत होते.

"चाल नाचाचीच आहे," ते म्हणाले. "माझं मत बदललेलं नाही."

"मग दांडा का नाही सोडलात?"

"तुझ्या बाबांना काय अर्ध्या वाटेत उभं करायचं होतं?"

मी त्यांचा ओला हात दोन्ही हातांत धरला. या आडमुठ्या म्हाताऱ्याचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

रविवारी अर्पणाच्या गीतात बोटं जराशी लचकली आणि ऑर्गन गप. सगळं चर्च वळलं. मला इतकं बरं वाटलं, की मागे न बघताच हसले आणि गीत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.