सरकी पेंडीच्या कॅसेटची मागची बाजू

सरकी पेंड. दुभत्या जनावरांना. एकदा घाला, फरक बघा.

शिक्का मारा विमानावर, विमानावर, विमानावर.

येशूचा पाळणा, भाग तीन.

भीमजयंती विशेष, ढोलकीसह.

बैल हरवला आहे. तांबडा. डावं शिंग निळं.

या सगळ्यांमागे वाजणारा कीबोर्ड नगरच्या इसहाकचा. शहाण्णव सालापर्यंत त्याने दोनशेच्या वर कॅसेटींत साथ वाजवली. कव्हरवर गायकाचं, कवीचं, एकदा तर फोटोग्राफरचंही नाव आलं. त्याचं कधी नाही. त्याला एवढंच हवं होतं, की स्वतः बसवलेली अकरा मिनिटांची चाल नावानिशी बाहेर यावी. चालीला शब्द नव्हते. कॅसेटवाले रंगनाथशेठ म्हणत, शब्दच नाहीत तर माणसानं गुणगुणायचं काय?

कोरी कॅसेट वापरणं इसहाकच्या जिवावर येई. म्हणून चाल त्याने पेंडीच्या जाहिरातीच्या मागच्या बाजूला भरली, विसरला, आणि तीच कॅसेट भोंगा लावून गावोगाव जाहिरात करणाऱ्या भिमाजीच्या टेम्पोवर गेली. टेम्पोतला टेप आपोआप बाजू बदलणारा. काष्टीच्या बाजारात, भिमाजी दाढीला बसलेला असताना, अख्खी चाल भोंग्यावर वाजली.

भिमाजी परतल्यावर इसहाकने त्याला भीतभीत विचारलं, लोक काय म्हणाले.

"काय म्हंत्यात? गप हुबी हुती. एक म्हातारी म्हनली, पुन्ना लाव. पेंड मातूर लई खपली."

रंगनाथशेठनी यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. चाल काढू म्हणाले, पण मधूनमधून पेंडीचं नाव येईल. इसहाक दोन दिवस दुकानाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन म्हणाला, घाला, पण आधी माझं.

जाहिराती वाचायची त्याची बायको दया. ती शाळेत शिकवायची, उच्चार स्वच्छ.

"नुसतं इसहाक म्हणू?"

"आडनावासकट म्हण."

दयाने हजेरी घ्यावी तसं वाचलं, "इसहाक पाटोळे. सरकी पेंड."

पाच तालुक्यांत ते वाजलं. पुढे वर्षभर श्रीगोंद्याकडची माणसं दुकानात जाऊन दोन पोती इसहाक पाटोळे मागत आणि दुकानदार देत. इसहाकने एकदा काष्टीत ते स्वतः ऐकलं. पोती उचलणाऱ्याला वाट द्यायला तो बाजूला सरकला.

ती चाल त्याने एक्याण्णवच्या उन्हाळ्यात, दुरुस्तीला आलेल्या चर्चच्या कीबोर्डवर बसवली होती. त्या कीबोर्डच्या तीन पट्ट्या वाजत नव्हत्या; चालीत ते तीन सूर नाहीत.