सर्व्हरवर बसलेली खुडूक

आमच्या चिखलीत एका कोंबडीनं जेसीबी मागं घ्यायला लावला होता. खोटं वाटत असेल तर त्या जेसीबीवाल्याला विचारा. तो लातूरला पळाला, आणि तिथंही अंड्याला हात लावत नाही म्हणतात. तर ही कैदाशीण, माझ्या बायकोनं, तानाबाईनं, हातावर दाणे चारून वाढवलेली, खुडूक होऊन अंडी उबवायला बसली ती थेट नातीच्या सर्व्हरवर.

माझी नात हर्षाली हिंजवडीला नोकरीला. जुना कॉम्प्युटर आणून तिनं गोठ्यातल्या रिकाम्या गव्हाणीत सर्व्हर म्हणून मांडला. म्हशी केव्हाच गेल्या होत्या. त्या डब्यात सिनेमे, भजनं, घरादाराचे फोटो. आळीतले सगळे टीव्ही त्यातूनच सिनेमे ओढतात. मी सांगत फिरतो, म्हैस दूध द्यायची, हा पिक्चर देतो आणि शेणही टाकत नाही.

पण त्यात तानाबाईही होती. गेल्या वर्षी ती गेली. त्याआधी हर्षाली तिचं बोलणं फोनवर टिपून घ्यायची. तो फोन पुढे बसमध्ये हरवला. म्हातारीचा आवाज उरला तो गव्हाणीत.

रविवारी सकाळी हर्षालीनं मला हाक मारली. "आबा, डिस्क टिकटिक करतेय. मरायला टेकलीय."

"दुसरीकडे उतरवलेलं असेल की."

"नवी डिस्क कपाटात आहे. लावायची राहिली."

"मग हा बंद कर, जरा निवू दे."

"बंद केला तर डिस्क परत फिरेलच असं नाही. चालू ठेवूनच आजीचं सगळं लॅपटॉपवर घेते. पण ही बया उठायला हवी. पिसं पंख्यात अडकलीत, डबा तव्यासारखा तापलाय."

मी हात घातला. तिनं मनगट फोडलं.

"ओढू नका हं," हर्षाली म्हणाली. "फडफडून डबा पाडेल. एक हिसका बसला की आजी गेली."

ज्वारी दाखवली. भिजवलेली डाळ दाखवली. मी शेजारच्या कोंबड्याचा आवाजही काढला. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्याच वयाची लाज वाटली. तोवर लॅपटॉपवरची पट्टी सरकायची थांबली. एवढ्या वेळात एकच बारकी फाइल आली होती. धड आली का बघावं म्हणून हर्षालीनं ती लावली.

"आ... ती ती ती. या गं बायांनो. कुटं उलथलाय समद्या?"

कोंबडीनं मान उंचावली. उठली, गव्हाणीतून उतरली आणि तुरुतुरु अंगणात जाऊन इकडंतिकडं बघायला लागली.

हर्षालीनं अंडी पाटीत घेतली, पिसं उपसली. पंखा घरघरला. पट्टी हलली. दुपारपर्यंत तानाबाई सगळी आली: तिची गाणी, तिचा खोकला, मला दिलेल्या शिव्या. कोंबडी एव्हाना पाटीत बसली होती.

मग हर्षाली हळूच म्हणाली, "आबा, हाक ऐकून कोंबडी उठली ते कळलं. तुम्ही चपला घालून कुठं निघाला होता?"

"अंगणात. दाणे टाकून झाले की मला चहाची हाक असायची. उशीर झाला की माझा चहा ती कोंबड्यांना पाजायची."

"कोंबड्या चहा पितात?"

"आपल्या प्यायच्या. बशीतून."

ती उठली. आत गेली. थोड्या वेळानं अंगणातून तिचा आवाज आला, "आबा, चहा."

मी उशीर केला नाही.