भरलेल्या बाटल्या

सुलेखाबाई साळवे बत्तीस वर्षं वह्या तपासून निवृत्त झाल्या, पण चुका काढायची खोड काही सुटली नाही. शहराबाहेरच्या एका फार्मसी कॉलेजानं त्यांना आपल्या समितीवर घेतलं ते बहुतेक म्हणूनच. प्रयोगांसाठी ठेवलेल्या प्राण्यांचे हाल होऊ नयेत, हे बघणारी ही समिती. तिच्यात विज्ञानाबाहेरचा एक सुजाण माणूस असावा, असा नियम आहे. आपण सुजाण आहोत हे कागदावर आलेलं बघून बाई आठवडाभर खुशीत होत्या.

शुक्रवारी दुपारी त्या पहिल्यांदाच एकट्या तपासणीला गेल्या. बारा पिंजरे, बारा पांढरे ससे. प्रत्येक पिंजऱ्याला बाहेरून उलटी अडकवलेली पाण्याची बाटली, आणि तिची स्टीलची तोटी आत. तोटीच्या टोकाला बारीक गोळी असते, ससा ती जिभेनं ढकलतो आणि पाणी पितो. सात बाटल्या अगदी भरलेल्या होत्या, पाच मात्र अर्ध्यावर आल्या होत्या.

आता बाईंच्या गल्लीत नळाला पाणी येतं आठव्या दिवशी. भरलेलं पिंप दिसलं की इथल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. बाईंनी सात बाटल्यांकडे कौतुकानं पाहिलं आणि पाचांवरून तिथल्या शिपायाला चांगलं फैलावर घेतलं. तो बिचारा बदलीवर आलेला. नेहमीचा राखणदार सांडू बुधवारपासून भाचीच्या लग्नाला फुलंब्रीला गेला होता. बाईंनी नोंदवहीत लाल शाईनं लिहिलं: "सात बाटल्या भरलेल्या, समाधानकारक. पाच अर्ध्या, हे चालणार नाही." खाली झोकदार सही ठोकली आणि चहा पिऊन घरी आल्या.

सोमवारी सकाळी सांडूचा फोन आला.

"बाई, लई वाईट झालं. सहा ससे मेलेत. तुमी या."

रिक्षात बाईंचा नुसता संताप होत होता. सांगितलं होतं मी! लाल शाईनं लिहून ठेवलं होतं! त्या पाचांचं पाणी संपलं असणार, आणि सहाव्याचंही. खोटं कशाला सांगा, त्या संतापात आपलंच खरं ठरल्याचं थोडं समाधानही होतं.

आत पाऊल टाकलं आणि त्या दारातच थिजल्या.

अर्ध्या बाटल्यांचे पाचही ससे गवत चघळत बसले होते. मेले होते ते भरलेल्या बाटल्यांचे. आणि त्या बाटल्या अजून भरलेल्याच होत्या. शुक्रवारी होत्या तेवढ्याच.

"असं कसं?" बाई म्हणाल्या. "पाणी तर आहे की रे!"

सांडूनं एका तोटीला बोट लावून गोळी दाबली. ती हललीसुद्धा नाही. एक थेंब पडला नाही.

"टँकरचं पाणी खारं हाय, बाई. तोटीत पांढरा थर धरतो, गोळी अडकती. म्या रोज सकाळी बारा तोट्यांला बोट लावतो. थेंब पडला तरच पुढं."

"हे कुठं लिहिलंय का?"

"त्यात काय लिहायचं? हाताला ठावं हाय."

पाण्यापासून चार बोटांवर सहा जीव तहानेनं मेले होते, आणि बाईंनी त्यांच्यापुढं उभं राहून 'समाधानकारक' लिहिलं होतं. त्या तिथल्या स्टुलावर बसल्या. सातवा ससा कुशीवर पडून होता, पोट जेमतेम हलत होतं. सांडू ड्रॉपरनं त्याच्या ओठांवर थेंब सोडू लागला. जनावरांच्या डॉक्टरांना त्यानं आधीच फोन केला होता.

तेवढ्यात प्राचार्य विश्वजीत सर टाइप केलेला कागद घेऊन आले. राखणदाराच्या निष्काळजीपणामुळे सहा ससे दगावले, सबब सांडूला आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे.

"बाई, सही इथं," सर म्हणाले. पेन्सिलीनं खूणही करून आणली होती.

सांडूनं मान वर केली नाही. तो थेंब सोडत राहिला.

"हा तर रजा मंजूर करून घेऊन गेला होता," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी इथं मी होते."

"तुम्ही कशाला अंगावर ओढून घेता? समितीवर राहता यायचं नाही मग."

"नाहीच राहायला पाहिजे, सर."

बाईंनी नोंदवही उघडली आणि आपलीच लाल ओळ मोठ्यानं वाचली. मग प्राचार्यांच्या कागदावर आडवी रेघ मारून त्यांनी खाली लिहिलं: "शुक्रवारी मी बाटल्या पाहिल्या, तोटीला हात लावला नाही. जे ससे पाणी पीत होते त्यांच्याबद्दल तक्रार केली. ज्यांना पाणी मिळत नव्हतं त्यांना शाबासकी दिली. सांडूची पद्धत नियमात घालावी. त्याला कमी करू नये. चूक माझी." या वेळी सही जरा वाकडीच आली. सर कागद घेऊन निघून गेले.

डॉक्टरांनी सातव्याला सलाइन दिलं. सांडूनं त्याच्या बाटलीला नवी तोटी बसवली. बाई जेवायलाही गेल्या नाहीत. दुपार कलताना सांडूनं हाक मारली.

"बाई, या हिकडं. याची बाटली बघा."

नव्या तोटीची बाटली बोटभर कमी झाली होती. बाई त्या रिकाम्या बोटभर जागेकडे बघत राहिल्या, आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या.