वकीलसाहेबांचे कॉमा

मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाच बसत नाही, तर तुमचा कुठून बसणार? पण इंग्रजी कॉमांपायी एका अख्ख्या गल्लीला दमा लागलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय.

हे मी सूनबाईला सांगत होतो. ती शाळेत इंग्रजी शिकवते. समोर निबंधांचा गठ्ठा, हातात लाल पेन, आणि मान अशी कललेली की आता निबंधावरच डोकं टेकणार. पोरांनी मीठ भुरभुरावं तसे कॉमा टाकले होते.

"सांगा बाबा," ती म्हणाली. "तेवढीच झोप उडेल."

छापखान्यात आम्ही दोघं मिळून मजकूर तपासायचो. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, कॉमा-फुलस्टॉपसकट. दुसऱ्याने छापलेल्या कच्च्या पानावर पेन्सिल फिरवायची. पेन्सिल माझी. वाचणारी म्हणजे सूनबाईची सासू. तेव्हा ती कुणाची सासू नव्हती, माझी बायकोही नव्हती. नुकतीच तात्पुरती लागलेली मुलगी होती. मालकांनी बजावलं होतं, "वकीलसाहेबांचं पुस्तक नीट पार पडलं तर कायम करतो. नाहीतर दुसरीकडे बघा."

आणि वकीलसाहेबांना दमा! लिहिताना जिथे धाप लागेल तिथे कॉमा. "द ओनर कॉमा ऑफ कॉमा द हाऊस कॉमा." वर दम भरलेला, की माझा एक कॉमा हलवाल तर खबरदार.

दिवसभर ते वाचून वाचून बिचारी धापा टाकायला लागली. ऐकून मी. मग छपाईचे अक्षरांचे खिळे जुळवणारे. मग यंत्रसुद्धा दोन ठोके टाकून सुस्कारा सोडायला लागलं. खिडकी उघडी, त्यामुळे रोग रस्त्यावर गेला. समोरचा न्हावी अर्धी दाढी करून खुर्चीत बसून राही आणि गिऱ्हाईक त्यालाच वारा घाली. पोस्टमन अर्धा जिना चढून पत्र तिथेच ठेवून जाई.

"काहीही हं बाबा!"

"अगं, विचार की तुझ्या सासूला."

सासू कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

तर मी म्हटलं, असं चाललं तर पुस्तक पार पडत नाही आणि हिची नोकरी राहत नाही. उठलो. वकीलसाहेबांना छापखान्यात बोलावून खुर्चीत बसवलं आणि त्यांचंच पान त्यांना ऐकवलं, प्रत्येक कॉमाला थांबून. चौथ्या ओळीला त्यांनी कॉलर सैल केली. सहाव्या ओळीला पाणी मागितलं. मग हात जोडून म्हणाले, "काढा हो, काढा एकदाचे!"

मी म्हटलं, "सगळे कशाला? नावांची यादी असेल तिथे राहू देतो. 'बट'ने दोन पुरी वाक्यं जोडलीत तिथेही राहू देतो. पण कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये कॉमा म्हणजे नवरा-बायकोच्या मध्ये येऊन बसलेला पाहुणा. त्याला उठवावंच लागतं."

संध्याकाळपर्यंत सुपं भरभरून कॉमा झाडून काढले. मग गल्लीने असा श्वास सोडला की दोरीवरचे कपडे पलीकडच्या गच्चीत गेले. मालकांनी हिला तिथल्या तिथे कायम केलं. दुसरं काय करणार?

सूनबाई हसली. दमलेलंच, पण हसली. "खरंच हो आई?"

सासूने हातातला टॉवेल मांडीवर ठेवला.

"खोटं. एकही कॉमा निघाला नाही. कॉमा चुकलेत असं मी वकीलसाहेबांना तोंडावर सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी मालकांनी मला घरी पाठवलं. हे शेजारीच बसले होते, पेन्सिल धरून. चकार शब्द काढला नाही."